शॉर्ट गॅमा-रे बर्स्टचा माग घरबसल्या कसा काढायचा

आधीच सांगते, याला दुर्बीण लागत नाही, फिजिक्सची डिग्री लागत नाही आणि एक रुपयासुद्धा लागत नाही. साधा लॅपटॉप, बरं चालणारं वायफाय आणि दोन-तीन रात्री, बस. मी कळव्याला राहते, नोकरी ऐरोलीला, आणि आकाशाशी माझा संबंध म्हणजे लहानपणी बाबांनी गच्चीवरून दाखवलेलं मृग नक्षत्र, तेवढाच. पण गेल्या उन्हाळ्यात कोपरखैरण्याची भाची अकरावीची परीक्षा संपवून राहायला आली आणि जेवताना म्हणाली, "मावशी, दोन सेकंदांच्या उजेडावरून एवढ्या लांब काय झालं ते यांना कळतं तरी कसं गं?" मला उत्तर देता येईना. मग आम्ही दोघींनी डेटाच उतरवून घेतला आणि स्वतः बघितलं. कसं केलं, कुठे अडकलो, ते सगळं इथे लिहिते, म्हणजे तुमची एखादी रात्र वाचेल.

थोडी पूर्वतयारी, मग थेट कामाला लागू. गॅमा किरण म्हणजे प्रकाशच, पण एक्स-रेच्याही वरच्या ताकदीचा, आणि तो आपल्या हवेत अडतो म्हणून उपग्रहातूनच बघावा लागतो. आकाशातून त्याचा अचानक झटका आला की तो गॅमा-रे बर्स्ट. पहिला बर्स्ट सापडला २ जुलै १९६७ ला, अमेरिकेच्या वेला उपग्रहांना, जे खरं तर कोणी चोरून अणुचाचणी करतंय का यावर नजर ठेवायला सोडलेले होते. जगाला ते कळलं १९७३ मध्ये. नंतर १९९१ ते २००० या काळात कॉम्प्टन वेधशाळेवरच्या बॅट्सी उपकरणाने २७०४ बर्स्ट टिपले, आणि १९९३ मध्ये ख्रिसा कूव्हेलिओटू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की यात सरळ दोन घोळके पडतात, एक दोन सेकंदांच्या आतला आणि एक त्याच्या वरचा. आतला तो शॉर्ट, वरचा तो लाँग. लाँगवाले बहुतेक प्रचंड ताऱ्यांच्या मरणातून येतात. शॉर्टवाले, निदान त्यातले बरेचसे, दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत फिरत आदळतात त्यातून.

न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठा तारा मेल्यावर उरलेला त्याचा गाभा, असतो केवढा? नकाशावर ठाणे स्टेशनपासून बेलापूरपर्यंत सरळ रेघ ओढा, साधारण २० किलोमीटर भरते. तेवढाच त्याचा व्यास, आणि त्यात सूर्याहून जास्त वस्तुमान कोंबलेलं. असे दोन गोळे आदळले की मधे बहुधा ब्लॅक होल तयार होतं, त्याच्याभोवती उरल्यासुरल्या मालाची एक छोटी तबकडी फिरते, ती ब्लॅक होलमध्ये पडता पडता दोन बाजूंना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाचे झोत सुटतात, आणि तबकडीत माल थोडाच असल्यामुळे खेळ पटकन आटोपतो. एखादा झोत आपल्या दिशेने असला तर आपल्याला बर्स्ट दिसतो. मोठ्या ताऱ्यात मात्र बाहेरचे थर आत पडत राहतात, म्हणून तो जास्त वेळ चालतो.

आता कामाला लागू. पहिली गोष्ट म्हणजे नाव वाचायला शिका, कारण सगळी शोधाशोध नावावरूनच होते. जीआरबी १७०८१७ए म्हणजे २०१७ सालचा ८ वा महिना, तारीख १७, आणि त्या दिवशीचा पहिला म्हणून ए. फर्मी उपग्रहाचा जीबीएम नावाचा जो डिटेक्टर-संच आहे त्याच्या फाइलींना वेगळं नाव असतं, बीएन आणि पुढे नऊ आकडे, उदाहरणार्थ बीएन १७०८१७५२९. शेवटचे तीन आकडे म्हणजे दिवसाचे हजार भाग केले तर कितव्या भागात बर्स्ट आला ते. ५२९ म्हणजे दुपारी १२:४१ च्या आसपास, पण ही वेळ यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाणवेळ, आहे हं, आपल्यासाठी साडेपाच तास मिळवा, संध्याकाळी सहा वाजून अकरा मिनिटं. हे साडेपाच तास मिळवायला विसरलात की पुढचं सगळं चुकतं, भाचीने भिंतीवर चिठ्ठीच चिकटवली होती.

दुसरं, सरावाला पहिला बर्स्ट कुठला घ्यायचा. सगळे १७०८१७ए कडे धावतात कारण तो प्रसिद्ध आहे, आम्हीही धावलो, पण तो फार मंद आहे, पहिल्याच दिवशी तो घेतलात तर हाती काही लागणार नाही. माझं ऐका, जीआरबी ०९०५१० घ्या, फाइलनाव बीएन ०९०५१००१६. १० मे २००९, रविवार, आपल्याकडे पहाटेची ५:५३ ची वेळ, म्हणजे ठाणं अजून झोपलेलं. त्याचा प्रकाश आपल्याकडे यायला ७.३ अब्ज वर्षं लागली आणि तरीही तो इतका झगझगीत आहे की नवशिक्यालाही दिसतो. नासाच्या हीसार्क साइटवर फर्मी जीबीएमचा बर्स्ट कॅटलॉग आहे, त्यात नाव टाका, एक ओळ येईल, आणि तिथूनच डेटाच्या फोल्डरपर्यंत जाता येतं. लॉगिन नाही, परवानगी नाही, पैसे नाहीत.

फोल्डर उघडलं की फाइलींचा ढीग बघून घाबरू नका. आपल्याला हव्यात त्या फक्त टीटीई लिहिलेल्या. टीटीई म्हणजे एकेका फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणाच्या, येण्याची वेळ, दोन मायक्रोसेकंदांपर्यंत अचूक. आता जीबीएममध्ये चौदा डिटेक्टर आहेत, बारा सोडियम आयोडाइडचे, ज्यांची नावं एन० पासून एन९ आणि मग एनए, एनबी, आणि दोन जाड, बीजीओ नावाच्या स्फटिकाचे, बी० आणि बी१. हे सगळे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे एकच बर्स्ट कोणाला समोरून दिसतो आणि कोणाला दिसतच नाही. आम्ही पहिल्या रात्री यादीत पहिला दिसला म्हणून एन० उतरवला आणि तासभर त्या सपाट रेषेत टेकडी शोधत बसलो. तसं करू नका. कॅटलॉगच्या त्याच ओळीत डिटेक्टर मास्क नावाचा रकाना आहे, चौदा शून्य-एकांची माळ, जिथे एक असेल तो डिटेक्टर घ्या. ०९०५१० साठी एन६ आणि एन७ चांगले.

पुढचं काम गूगल कोलॅबमध्ये करा म्हणजे लॅपटॉपवर काही इन्स्टॉल करायला नको. पायथनची अ‍ॅस्ट्रोपाय लायब्ररी या फाइली उघडते. आत इव्हेंट्स नावाचा तक्ता असतो, त्यातला टाइम हा रकाना घ्या, हेडरमध्ये ट्रिगटाइम लिहिलेला असतो तो त्यातून वजा करा, म्हणजे बर्स्टची हाक उपग्रहाने ऐकली तो क्षण शून्य होतो. मग हिस्टोग्राम काढा, उणे पाच सेकंदांपासून अधिक पाच सेकंदांपर्यंत. सगळं मिळून आठ-दहा ओळींचं काम आहे. त्यातल्या चारेक ओळी भाचीने लिहिल्या आणि ती शाळेत कम्प्युटर फारसं शिकलेली नाही, म्हणून म्हणते, घाबरू नका.

आता बिनची गोष्ट, आणि इथे मी जरा थांबणार आहे कारण सगळी मजा इथेच आहे. बिन म्हणजे किती वेळाचे फोटॉन एका गठ्ठ्यात मोजायचे. ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहून माणसं मोजायची असं समजा. तासाला किती गेली हे मोजलं तर एक मोठा आकडा येतो आणि त्यात गाडी कधी आली ते काही कळत नाही. दहा-दहा सेकंदांना मोजलं की मात्र लोकल आल्याबरोबर आकडा उसळी मारतो आणि मिनिटभरात खाली येतो. आणि अर्ध्या अर्ध्या सेकंदाला मोजलं तर एकदा तीन, एकदा शून्य, एकदा पाच, सगळी नुसती थरथर. बर्स्टचं अगदी तसंच. ०९०५१० ला आधी एक सेकंदाचे बिन ठेवा, एक जाडजूड खांब दिसेल, बाकी काही नाही. मग ०.०५ सेकंदावर या. आम्ही आलो तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, बाहेर कळवा कारशेडकडून गाडीचा आवाज येत होता, आणि स्क्रीनवर शून्यापाशी एक इवलीशी टेकडी उभी राहिली, मग जरा शांतता, आणि अर्ध्या सेकंदानंतर खरा डोंगर, टोकाटोकांचा. उपग्रह जागा झाला तो त्या इवल्या टेकडीमुळे, मुख्य स्फोट त्यानंतरचा. भाची काहीच बोलली नाही, नुसतं माझ्या हातातून माउस घेऊन झूम करत राहिली. सात अब्ज वर्षांपूर्वी अर्ध्या सेकंदाच्या अंतराने घडलेल्या दोन गोष्टी, वाटेत एवढा काळ गेला तरी ते अर्ध्या सेकंदाचं अंतर पुसलं गेलं नाही. (विश्व पसरत असल्यामुळे ते अंतर ताणलं मात्र गेलंय, तिथे ते साधारण पाव सेकंद होतं.)

याच बर्स्टमधून ३१ जीईव्ही (जीईव्ही हे ऊर्जेचं एकक, पुढे येणारं केईव्ही त्याच्या दहा लाखाव्या भागाएवढं) इतक्या प्रचंड ऊर्जेचा एक फोटॉन ट्रिगरनंतर ०.८३ सेकंदाने फर्मीच्या दुसऱ्या उपकरणात पोचला. जास्त ऊर्जेचा प्रकाश कमी वेगाने धावतो का, हे तपासायला शास्त्रज्ञांनी तो वापरला, कारण तसा धावत असता तर एवढ्या लांबच्या शर्यतीत कधीच मागे पडला असता. मागे पडलेला दिसला नाही.

चित्र आलं की कालावधी काढा. शास्त्रज्ञ टी९० वापरतात, म्हणजे एकूण फोटॉनपैकी पहिले ५ टक्के येऊन गेल्यापासून ९५ टक्के पूर्ण होईपर्यंतचा वेळ. आधी बर्स्टच्या अलीकडची आणि पलीकडची सपाट पातळी बघून पार्श्वभूमी वजा करायची, मग बेरीज करत जायचं, जिन्यासारखी रेघ वर चढते, तिच्यावर दोन खुणा करायच्या. जीबीएमवाले हे ५० ते ३०० केईव्ही या पट्ट्यात करतात, तुम्हीही तोच पट्टा घ्या, नाहीतर आकडा कॅटलॉगशी जुळणार नाही आणि उगाच वाटेल की आपलं चुकलं. पट्टा निवडायला त्याच फाइलीत ईबाउंड्स नावाचा तक्ता आहे, १२८ चॅनेल, कुठल्या चॅनेलला किती ऊर्जा ते लिहिलेलं.

कडकपणाही बघून घ्या. १०० केईव्हीच्या वरचे फोटॉन भागिले खालचे, एवढा साधा हिशोब. शॉर्ट बर्स्ट सहसा जास्त कडक असतात. पण एकट्या आकड्यावर जाऊ नका, चार-पाच लाँग बर्स्टशेजारी ठेवून बघा तेव्हाच फरक जाणवतो.

इथपर्यंत आलात की खूप लोक थांबतात, दोन सेकंदांच्या आत आहे ना, मग न्यूट्रॉन तारेच, झालं. हे मला अजिबात पटत नाही आणि हे सगळं लिहायला घेतलं त्याचं खरं कारण तेच आहे. घड्याळावरून उगम ठरत नाही, घड्याळ फक्त कुठल्या बाजूला शोधायचं ते सांगतं. ऑगस्ट २०२० मधला २००८२६ए साधारण सेकंदभराचाच, पण तो निघाला कोसळणाऱ्या मोठ्या ताऱ्याचा. उलट ११ डिसेंबर २०२१ चा २११२११ए पन्नास सेकंदांहून जास्त चालला, आणि त्याच्यामागे सापडला तो तारे आदळल्यावर दिसणारा किलोनोव्हा. ७ मार्च २०२३ चा २३०३०७ए पण तसाच लांबलचक, आणि जेम्स वेब दुर्बिणीला त्याच्या राखेत टेलुरियम या जड मूलद्रव्याची खूण मिळाली. आणि १५ एप्रिल २०२० चा २००४१५ए तर क्षणभराचा, पण तो शेजारच्या एनजीसी २५३ दीर्घिकेतल्या एका मॅग्नेटारचा, म्हणजे प्रचंड चुंबकी ताकदीच्या न्यूट्रॉन ताऱ्याचा, भडका, म्हणजे तिथे कोणी कोणावर आदळलंच नव्हतं.

मग उगम ठरवायचा कसा, तर पंचनामा करायचा. यासाठी नासाचं जनरल कोऑर्डिनेट्स नेटवर्क, सगळे जीसीएन म्हणतात ते, उघडायचं. जगभरातले खगोलशास्त्रज्ञ बर्स्ट आला की तिथे छोटे छोटे सर्क्युलर टाकतात, पाच-दहा ओळींचे, कोणाला काय दिसलं, कोणाला काय दिसलं नाही. हे सर्क्युलर कोणीही वाचू शकतं, ईमेलवर मागवूही शकतं. वाचताना स्वतःला विचारत जायचं: नासाच्या स्विफ्ट उपग्रहाने जागा नक्की केली का, कारण फर्मी एकटा असला की चूक पुष्कळ अंशांची असते. बर्स्टनंतर मागे रेंगाळणारा उजेड, म्हणजे आफ्टरग्लो, एक्स-रेमध्ये दिसला का. जवळ दीर्घिका कुठली, आणि बर्स्ट तिच्या मधोमध आहे की काठावर, कारण न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोडीला जन्मताना धक्का बसतो आणि आदळेपर्यंत मधे एवढा काळ जातो की जोडी घरापासून लांब भरकटलेली असते. लंबगोल, म्हाताऱ्या ताऱ्यांची दीर्घिका असेल तर मोठ्या ताऱ्याच्या मरणाची शक्यता फारच कमी, २००५ मध्ये स्विफ्टने ०५०५०९बी चा आफ्टरग्लो अशाच एका दीर्घिकेजवळ टिपला तेव्हा या सगळ्या कल्पनेला बळ आलं. पुढच्या दिवसांत सुपरनोव्हा, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या मरणाचा स्फोट, उगवला का. आणि सगळ्यात मोलाचं, आधी निळसर आणि मग भराभर लालसर होत जाणारा मंद उजेड दिसला का, तो किलोनोव्हा, ज्यात सोन्यासारखी जड मूलद्रव्यं तयार होतात.

याचा सराव करायला १७ ऑगस्ट २०१७ सारखा दुसरा दिवस नाही. जीसीएनवर सर्क्युलर २१५०५ उघडा आणि तिथून पुढे एकेक वाचत जा, मोबाइलवर ट्रान्स-हार्बरच्या गाडीतही वाचता येतात, मी तसेच वाचले, ठाणे ते ऐरोली जाता-येता, आठवडाभर. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे तरंग, टिपणारी लायगो नावाची यंत्रं आहेत, संध्याकाळी ६:११ ला त्यांच्यामधून अशी एक लहर गेली, १.७ सेकंदांनी फर्मीला बर्स्ट दिसला. पहिला सर्क्युलर निघाला सातच्या जरा आधी. अमेरिकेतल्या लिव्हिंगस्टनच्या यंत्रात नेमक्या त्याच वेळी एक खरखर घुसली होती, ती साफ करून, इटलीच्या व्हर्गो या तशाच यंत्राची मदत घेऊन आकाशाचा आटोपशीर नकाशा यायला रात्रीचे जवळजवळ साडेअकरा झाले, आणि तोवर तो भाग आपल्याकडे मावळून गेला होता. पण चिलीत अजून रात्र व्हायची होती. तिथल्या स्वोप दुर्बिणीने आपल्या पहाटे पाचच्या सुमाराला एनजीसी ४९९३ दीर्घिकेचा फोटो घेतला आणि तिथे आधी नसलेला एक ठिपका होता. सर्क्युलर २१५२९. वाचा तो. साधी कोरडी भाषा आहे, पण मला तुर्भ्याची अनाउन्समेंट होईपर्यंत कळलंच नाही की ऐरोली मागे गेलं.

तेरा कोटी प्रकाशवर्षं दूर, म्हणजे लहर आणि प्रकाश दोघं तेरा कोटी वर्षं धावले आणि पोचले १.७ सेकंदांच्या फरकाने. आता परत लॅपटॉपकडे या आणि या बर्स्टचा टीटीई उतरवा, एन१, एन२ आणि एन५ हे तिन्ही, आणि तिघांची बेरीज करा. ०.२५ सेकंदाचे बिन ठेवा. शून्यापाशी अर्ध्या सेकंदाची एक साधीशी टेकडी दिसेल, आणि पट्टा खाली १० ते ५० केईव्हीवर आणला तर तिच्यामागे सेकंदभराची मऊ शेपटी. बास, एवढंच. इतर शॉर्ट बर्स्टच्या मानाने हा निदान शंभरपट अशक्त, कारण झोत थेट आपल्याकडे नव्हता, आपण तो तिरका बघितला. ०९०५१० आधी करून बघा म्हणाले ते याचसाठी, डोळा तयार झाल्यावरच ही टेकडी टेकडी वाटते. आणि बिन हवे तसे सरकवून नसलेली टेकडी उभी करायचा मोह होतो, तो आवरा. बर्स्टच्या आधीच्या दहा सेकंदांत तेवढीच उंच थरथर आहे का, ते दरवेळी तपासा.

एक सावधगिरीची गोष्ट राहिली. जीबीएमचा प्रत्येक ट्रिगर बर्स्ट नसतो. सूर्यावरचे भडके येतात, आणि पृथ्वीवरच्या गडगडाटी ढगांमधूनसुद्धा गॅमा किरणांचे झटके निघतात, मिलिसेकंदाच्या आतबाहेरचे. ट्रिगरच्या यादीत हे वेगळे लिहिलेले असतात, तो रकाना बघितल्याशिवाय "सगळ्यात शॉर्ट बर्स्ट सापडला" म्हणून उड्या मारू नका.

आपल्याकडचंही खूप काही यात आहे आणि ते आपल्या लोकांना माहीत नसतं याची मला खंत वाटते. २८ सप्टेंबर २०१५ ला उडालेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवर सीझेडटीआय नावाचं उपकरण आहे, कुलाब्याच्या टीआयएफआरने आणि पुण्याच्या आयुकाने वगैरे मिळून केलेलं, त्याने पाचशेहून जास्त बर्स्ट टिपलेत. लडाखमध्ये हानलेला ग्रोथ-इंडिया दुर्बीण आहे, ती बंगळुरूची आयआयए आणि आपल्या शेजारची पवईची आयआयटी मिळून चालवतात, आणि बर्स्ट आला की ती त्याच्या आफ्टरग्लोमागे लागते. सर्क्युलर वाचताना ही नावं शोधा, सापडतात. आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, १७०८१७ए चा रेडिओतला उजेड बघणाऱ्यांत तीही होती. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला तिथे लोकांना आत सोडतात, ठाण्याहून कल्याण-मुरबाड-माळशेज करत जाता येतं, मुलांना घेऊन जरूर जा. हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाही व्हायची आहे, केंद्राने २०२३ मध्ये २६०० कोटींची मंजुरी दिली, ती झाली की जागा शोधायला एक लांबचा कोपरा आणखी मिळेल.

शेवटची पायरी गच्चीवरची. मे महिन्याच्या सुरुवातीला रात्री अकराच्या सुमाराला, म्हणजे पाऊस यायच्या आत, दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. येऊरच्या बाजूला जाता आलं तर उत्तम, नाहीतर इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे, जिथे हायमास्टचा उजेड डोळ्यात येत नाही तिथे. वर चित्रा सापडेल, तिच्या उजवीकडे जरा खाली हस्ताचा चौकोन. चित्रेच्या सरळ खाली बारा अंशांवर, म्हणजे लांब केलेल्या हाताच्या मुठीहून थोडं जास्त, वासुकीच्या शेपटीकडचा गॅमा हायड्रे तारा आहे, साध्या डोळ्यांना दिसतो. हात तसाच लांब ठेवून अंगठा उभा धरा आणि ताऱ्याच्या उजव्या बाजूला लावा. अंगठ्याची पलीकडची कड जिथे येते साधारण तिथे एनजीसी ४९९३. दीर्घिका काही दिसणार नाही, तिला दुर्बीणच पाहिजे. आम्ही दोघी तरी बराच वेळ तशाच उभ्या होतो, एक डोळा मिटून, अंगठा धरून, आणि मग भाचीने हळूच विचारलं, "मावशी, पुढचा अलर्ट आला तर मला रात्री उठवशील?" तिचा ईमेल मी दुसऱ्याच दिवशी जीसीएनवर घालून दिला.